बंद बरणीतली पृथ्वी: चार आवरणांचा हिशेब घरी मांडून पाहण्याची कृती

पाच लिटरची काचेची बरणी घ्यायची, तिच्यात खडे, माती, पाणी आणि तीन-चार रोपं घालायची आणि झाकण घट्ट लावून टाकायचं. नीट जमलं तर ती वर्षानुवर्षं वरून थेंबभर पाणी न घालता हिरवी राहते. शिलावरण, जलावरण, वातावरण आणि जीवावरण हे चार शब्द शाळेत चार वेगळ्या चौकटींत शिकवले जातात. बरणीत त्या चौकटी पहिल्याच दिवशी पुसल्या जातात. माती सुकली की तिच्यातले जीवाणू थंडावतात, ते थंडावले की हवेत कार्बन डायऑक्साइड परत यायचा थांबतो, आणि तो संपला की भर उजेडात पानं उपाशी राहतात. बरणी बिघडते तेव्हा बहुतेक वेळा एखादी वस्तू वाईट नसते, दोन वस्तूंमधला हिशेब चुकलेला असतो. म्हणून इथे प्रत्येक मापासोबत त्यामागचं कारणही दिलं आहे.

युक्ती जुनी आहे. 1829 साली लंडनमधले डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी पतंगाचा एक कोष ओल्या मातीसह झाकणाच्या बाटलीत ठेवला. त्या मातीतून आपसूक एक नेचं आणि थोडं गवत उगवलं आणि जवळजवळ चार वर्षं जगलं. पुढे झाकण गंजलं, आत पावसाचं पाणी शिरलं आणि रोपं गेली. 1833 साली त्यांच्या बंद काचपेट्यांतून निघालेली लंडनची रोपं समुद्रमार्गे सिडनीला जिवंत पोचली. झाकण गंजल्याचा तपशील लक्षात ठेवा, तो पुढे कामाला येईल.

साहित्य

बरणी रंगहीन काचेची, रुंद तोंडाची, सुमारे 17 सेंमी व्यासाची असावी. तोंडातून हात आत जायला हवा, नाहीतर लावणी चिमट्याने करावी लागते आणि मुळं तुटतात. झाकण काचेचं किंवा प्लॅस्टिकचं, आतून रबरी किंवा सिलिकॉनची रिंग असलेलं. पत्र्याचं झाकण नको. आतली हवा कायम दमट असते, लोखंड गंजतं आणि गंजताना हवेतला ऑक्सिजनही खातं.

याशिवाय लागेल ते असं: 1 ते 2 सेंमी आकाराचे धुतलेले खडे अर्धा लिटरभर, लाकडी कोळशाचे वाटाण्याएवढे तुकडे पाव लिटर, नायलॉनच्या जाळीचा बरणीच्या आतल्या मापाचा गोल तुकडा, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), जाड वाळू, बागेतली साधी माती, दोन मोठे चमचे चाळलेलं जुनं कंपोस्ट, आणि पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी. शेगडीसाठी साच्यात दाबलेल्या कोळशात चिकटद्रव्य असतं, तो घेऊ नका. नोंदींसाठी 10 किलोपर्यंत तोलणारा आणि 1 ग्रॅमचा फरक दाखवणारा डिजिटल वजनकाटा हवा. काट्याशिवायही बरणी जगेल, पण निम्मी गंमत जाईल.

रोपं हळू वाढणारी आणि दमट हवा सोसणारी निवडा: बटू नेचं, फिटोनिया, पेपरोमिया, पायलिया, आणि जमिनीवर पसरायला मॉस. मनीप्लांट चार महिन्यांत बरणी व्यापून टाकतो आणि बाकीच्यांचा उजेड अडवतो. निवडुंग आणि जाड पानांची रोपं दमट हवेत कुजतात. सुरुवातीला रोपांनी जमिनीचा एक तृतीयांश भाग व्यापला तरी पुरे.

बुरशी खाणारे स्प्रिंगटेल मिळाले तर 15-20 सोडा. मिलिमीटरभर लांबीचे हे पांढरे किडे कुजत्या पानांखाली, ओल्या मातीत सापडतात. पालापाचोळा उचलून तसाच आत टाकू नका. त्यातून गोगलगायीची अंडी आली तर दोन महिन्यांत पानांची जाळी झालेली दिसेल.

थर

बरणी साबणाने धुवा, पूर्ण सुकवा. तळाशी अडीच सेंमी खडे, त्यावर एक सेंमी कोळसा, मग जाळी, आणि वर पाच सेंमी मातीचं मिश्रण. पाच लिटरच्या बरणीत हे सगळं दोन लिटरांच्या आत बसतं आणि वर सुमारे तीन लिटर हवा उरते. ही तीन लिटर हवा म्हणजे तुमचं वातावरण. तिची जागा खडे-मातीने खाल्ली तर पुढचे सगळे चढउतार तीव्र होतात.

खड्यांचा थर जादा पाण्यासाठी आहे. पाणी तिथे उतरलं नाही तर मातीच्या कणांमधल्या पोकळ्या भरतात, मुळांना ऑक्सिजन मिळत नाही आणि ऑक्सिजनशिवाय जगणारे जीवाणू माजतात. सडक्या अंड्यांचा वास येतो तो त्यांनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा. जाळी नसेल तर माती खड्यांत झिरपते आणि सहा महिन्यांत हा थर निकामी होतो.

माती: सर्वांत जास्त चुका इथे होतात

मिश्रण असं करा: तीन भाग कोकोपीट, एक भाग जाड वाळू, एक भाग बागेतली माती. एकूण सव्वा लिटर पुरेल. त्यात कंपोस्ट फक्त दोन मोठे चमचे. इतकं कमी का, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे.

तीन लिटर हवेत 21 टक्के, म्हणजे सुमारे 630 मिली ऑक्सिजन असतो. मातीतले जीवाणू कंपोस्टमधला कार्बन ‘जाळतात’ तेव्हा प्रत्येक ग्रॅम कार्बनमागे सुमारे 2.7 ग्रॅम, म्हणजे खोलीच्या तापमानाला दोन लिटरभर ऑक्सिजन लागतो. म्हणजे पानांकडून परतफेड झाली नाही, तर अवघा 0.3 ग्रॅम कार्बन कुजला की बरणीतला सगळा ऑक्सिजन खलास. मूठभर ताज्या कंपोस्टमध्ये याच्या कितीतरी पट कार्बन असतो आणि तोही पटकन कुजणारा. कोकोपीटमध्येही कार्बन आहे, पण त्यात लिग्निनचं (लाकडाला कडकपणा देणाऱ्या द्रव्याचं) प्रमाण जास्त असल्यामुळे तो फार सावकाश कुजतो. मिश्रणात त्याला मोठा वाटा दिला आहे तो याचसाठी.

हीच चूक प्रचंड मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. अमेरिकेत ॲरिझोनात बांधलेल्या ‘बायोस्फिअर 2’ या काचेच्या बंद इमारतीत सप्टेंबर 1991 मध्ये आठ माणसं दोन वर्षांसाठी राहायला गेली. सोळा महिन्यांत आतला ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून साधारण 14 टक्क्यांवर उतरला आणि जानेवारी 1993 मध्ये बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. पिकं जोमाने यावीत म्हणून माती सेंद्रिय पदार्थांनी भरलेली होती आणि तिच्यातले सूक्ष्मजीव झाडांच्या क्षमतेपेक्षा वेगाने श्वसन करत होते. मग तितकाच कार्बन डायऑक्साइड हवेत वाढायला हवा होता, तो गेला कुठे? तो इमारतीच्या काँक्रीटने शोषला आणि त्याचं कॅल्शियम कार्बोनेट झालं. म्हणजे जीवावरणाने बिघडवलेला वातावरणाचा ताळेबंद शिलावरणाने परस्पर लपवला होता.

उलट बाजूही पाहा. त्याच तीन लिटर हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम सव्वा मिली असतो आणि त्यातला कार्बन सुमारे 0.6 मिलिग्रॅम. वाळून पडलेल्या 20 मिलिग्रॅमच्या एका लहानशा पानात नऊएक मिलिग्रॅम कार्बन असतो, हवेत आहे त्याच्या पंधरापट. म्हणजे एक पान कुजायला लागलं तरी वरच्या रोपांना कित्येक दिवस पुरेल इतका खुराक सुटतो आणि काहीच कुजलं नाही तर हवेतला साठा एका सकाळीत संपू शकतो. म्हणून गळलेली पानं चिमट्याने वेचून काढायची सवय असेल तर ती इथे सोडा. एखादं-दुसरं पान जमिनीवर पडू दे. पृथ्वीवरही प्रमाण याच बाजूला झुकलेलं आहे: जमिनीच्या वरच्या मीटरभर थरात सेंद्रिय कार्बन सुमारे 1,500 अब्ज टन आहे, सबंध वातावरणात सुमारे 900 अब्ज टन.

बागेतली माती मिश्रणात हवी ती खनिजांसाठी. धुतलेली वाळू बहुतांशी क्वार्ट्झ असते, तिच्यातून रोपांना काही मिळत नाही. फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम हे खडकातून मातीत आणि मातीतून मुळांत जातात, हवेतून येत नाहीत. अ‍ॅमेझॉनच्या जंगलातला पावसाने धुऊन जाणारा फॉस्फरस काही अंशी सहारातून अटलांटिकवरून उडत येणारी धूळ भरून देते. बरणीत वारा नाही, तेव्हा जे द्यायचं ते पहिल्या दिवशीच. रासायनिक खत मात्र नको. रोपं भसाभस वाढतात आणि क्षार बाहेर जायला वाट नसते.

पाणी किती

कोकोपीट आधी दोनदा पाण्यात भिजवून पिळा, त्यात बरेचदा क्षार असतात. मग मिश्रण करा आणि मूठभर घेऊन दाबा. गोळा व्हावा आणि बोटांमधून एखादाच थेंब यावा. धार लागली तर मिश्रण तासभर पसरून ठेवा. भरल्यावर आणि रोपं लावल्यावर 60 ते 80 मिली पाणी काचेच्या कडेने फिरवत सोडा, काचेला लागलेली मातीही धुऊन जाईल. अर्ध्या तासाने खड्यांत अर्धा सेंमीपेक्षा जास्त पाणी दिसलं तर ते नळीने ओढून काढा.

नळाचं पाणी टाळायचं कारण असं, की वाफ शुद्ध होऊन वर जाते आणि क्षार खालीच राहतात. समुद्र खारट राहतो तो याच नियमाने: नद्या खडकांतले क्षार आणून ओततात, सूर्य नेतो फक्त पाणी.

आता या पाण्यापैकी हवेत किती असतं? 25 अंश सेल्सिअसला पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये 23 ग्रॅम बाष्प मावतं. म्हणजे तीन लिटरमध्ये 0.07 ग्रॅम, दीड थेंब. मातीत पाव लिटरच्या आसपास पाणी आहे आणि सगळा ‘पाऊस’ या दीड थेंबाच्या वाहतुकीवर चालतो. पृथ्वीवरही तसंच. वातावरणातलं सगळं बाष्प एकाच वेळी बरसलं तर जेमतेम 25 मिमी पाऊस पडेल, पण वर्षाला सरासरी 1,000 मिमीच्या आसपास पडतो. हवेत गेलेलं पाणी सरासरी नऊ-दहा दिवसांत परत खाली येतं.

झाकण आणि पहिले पंधरा दिवस

झाकण लावण्याआधी काचेचा आतला भाग कोरड्या कापडाने पुसा, रिंगेवर मातीचा कण राहू देऊ नका. मग सकाळी आणि दुपारी बरणीकडे बघा.

सकाळी खिडकीकडच्या काचेवर धुकं दिसेल, खोलीकडची बाजू मात्र स्वच्छ असेल. रात्री खिडकीकडची काच आधी थंड होते आणि तिथे बाष्प धरतं. जवळ जाऊन पाहिलं तर धुक्याचे ठिपके शेजारच्या ठिपक्यांत मिसळून मोठे होताना दिसतात. पुरेसा जड झाला की थेंब वेडावाकडा घरंगळतो आणि वाटेतलं धुकं टिपत मातीपर्यंत जातो. त्याच्या मागे स्वच्छ काचेची एक रेघ राहते. दुपारपर्यंत धुकं विरायला हवं.

दिवसभर सगळी काच धूसर राहिली तर पाणी जास्त आहे: झाकण चार तास उघडं ठेवा, पुन्हा बंद करून दोन दिवस पाहा. दोन दिवसांत एकदाही धुकं धरलं नाही तर 15 मिली पाणी घाला, जास्त नाही. असं दोन-तीनदा करावं लागतं. पंधराएक दिवसांत सकाळचं धुकं आणि दुपारची स्वच्छ काच हा क्रम बसला की झाकण कायमचं बंद.

उजेड

बरणीत बाहेरून येतो तो फक्त प्रकाश आणि बाहेर जाते ती फक्त उष्णता. जागा अशी हवी जिथे दिवसभर पुस्तक सहज वाचता येईल पण थेट ऊन बरणीवर पडणार नाही. थेट उन्हात तासाभरात आतलं तापमान 45 अंशांपुढे जातं आणि नेचं शिजतं. खिडकी नसेल तर पांढरा एलईडी दिवा 30 सेंमी अंतरावरून रोज 10 ते 12 तास लावा. चोवीस तास उजेड दिला तर काचेवर हिरवं शेवाळ धरतं.

बरणी तापते त्याला हरितगृह परिणाम म्हणायचा मोह होतो, पण बरणीत मुख्यतः गरम हवा बाहेर पडू शकत नाही म्हणून उष्णता कोंडते. पृथ्वीभोवती काच नाही. तिथे बाष्प, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनसारखे वायू जमिनीकडून निघणारे अवरक्त किरण शोषतात आणि त्यातला काही भाग खाली परत धाडतात. हे वायू नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान 15 अंशांऐवजी उणे 18 असतं आणि समुद्र गोठलेले असते.

काय मोजायचं

दर रविवारी बाहेरची काच कोरडी पुसून बरणी तोला. सहा महिन्यांत रोपं दुप्पट झाली तरी आकडा तोच राहायला हवा. वाढलेलं प्रत्येक पान आतल्याच हवेतून, पाण्यातून आणि मातीतून आलेलं असतं. आठवड्याला दोन-तीन ग्रॅमने वजन घटत असेल तर झाकण गळतंय: रिंग बदला आणि घटलं तितकं पाणी घाला.

दुसरी चाचणी काळोखाची. बरणी तीन दिवस काळ्या कापडात गुंडाळा. प्रकाशसंश्लेषण थांबतं, श्वसन चालूच राहतं. चौथ्या दिवशी उजेडात आणल्यावर पानं सहसा टवटवीत असतात, कारण हवेत कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. पाच दिवसांच्या पुढे मात्र जाऊ नका. बॅटरीवर चालणारा छोटा कार्बन डायऑक्साइड मीटर तोंडातून आत जात असेल तर तो दोन दिवस ठेवून पाहा, रात्री आकडा चढतो आणि दिवसा उतरतो. काही मीटरची मजल 5,000 पीपीएमपर्यंतच (हवेच्या दहा लाख भागांत 5,000 भाग) असते आणि काळोखात ती ओलांडली जाऊ शकते. दमटपणाने सेन्सर बिघडतो, म्हणून त्याहून जास्त दिवस ठेवू नका. हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर 1958 पासून हीच मोजणी चालू आहे. तिथला आलेख दर वर्षी मे महिन्यात शिखर गाठतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत सहा-सात पीपीएमने उतरतो, कारण उत्तर गोलार्धातली झाडं पानावर आलेली असतात. या दातेरी रेघेचा एकूण कल मात्र सतत वर गेला आहे, आणि ती चढण मुख्यतः कोळसा, तेल आणि वायू जाळल्याची आहे.

खडकाचा वाटा वेगळ्या बाटलीत

बरणीत खडकाची झीज दिसायला आयुष्य पुरणार नाही, म्हणून ती बाजूला दाखवावी लागते. अर्धा लिटर साध्या सोड्यात (बाटलीतल्या सोडा वॉटरमध्ये) संगमरवराचा किंवा धुऊन पातळ पापुद्रा काढलेल्या अंड्याच्या टरफलांचा एक चमचा चुरा घाला. बूच घट्ट लावा, दोन दिवस अधूनमधून हलवा. तसाच चुरा डिस्टिल्ड पाण्यातही ठेवा. मग दोन्ही फिल्टर पेपरमधून गाळून वेगवेगळ्या भांड्यांत उकळा. सोड्याचं पाणी पांढुरकं होऊन तळाशी चुन्याचा थर धरेल, दुसरं जवळपास स्वच्छ राहील. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून सौम्य आम्ल होतं, ते खडक विरघळवतं. उकळल्यावर वायू निघून जातो आणि खडक परत येतो. फळ्यावरचा खडू वापरायचा असेल तर आधी व्हिनेगरचा थेंब टाका. फेस आला नाही तर तो जिप्समचा आहे, निरुपयोगी. सोड्याच्या लेबलवर सोडियम बायकार्बोनेट लिहिलेलं असेल तरी थर नीट धरत नाही.

साधं पाऊसपाणीही असंच किंचित आम्लधर्मी असतं, पीएच सुमारे 5.6. चुनखडीच्या बाबतीत हा व्यवहार उलटसुलट होतो, तुम्ही आत्ताच पाहिलात तसा. सिलिकेट खडक झिजतात तेव्हा मात्र हवेतला कार्बन नद्यांतून समुद्रात जाऊन शिंपल्यांच्या आणि प्रवाळांच्या रूपाने चुनखडीत जाऊन बसतो, आणि ज्वालामुखी तो कोट्यवधी वर्षांनी हवेत परत सोडतात. हवा तापली की झीज वाढते, थंडावली की मंदावते. पृथ्वीचा हा तापमान-नियंत्रक भरवशाचा आहे, पण त्याला लाख-लाख वर्षं लागतात.

बिघाड आणि उपाय

मातीवर पांढरी कापसासारखी बुरशी: पहिल्या महिन्यात येतेच. स्प्रिंगटेल असतील तर तीन-चार आठवड्यांत ओसरते. जिवंत देठांवर चढली तरच तेवढा भाग कापून काढा.

रोपं उंच, फिकट, पानांत अंतर जास्त: उजेड कमी. बरणी एकदम उन्हात न नेता दर दोन दिवसांनी थोडी खिडकीकडे सरकवा.

खालची पानं एकामागून एक पिवळी आणि मऊ: मुळांशी पाणी साचलंय, खड्यांचा थर तपासा.

सडक्या अंड्यांचा वास: वास झाकण उघडल्यावरच येतो, त्याआधी दिसते ती काचेला लागून असलेली काळी पडलेली माती. पाणी ओढून काढा, काळा भाग चमच्याने खरवडा, दोन दिवस झाकण उघडं ठेवा. पुन्हा तसंच झालं तर कंपोस्ट जास्त पडलंय आणि माती बदलण्यावाचून उपाय नाही.

सगळी रोपं ठणठणीत पण महिनोन् महिने नवं पान नाही: आतला कार्बन जिवंत पानांत अडकलाय, कुजायला काही उरलेलं नाही. झाकण उघडा, दाट झालेल्या रोपाची दोन-तीन पानं कापा आणि ती बाहेर न काढता मातीवर टाकून झाकण परत लावा.